नोबेयामाला जायचंय? आधी परतीची गाडी बघा

जपानला पहिल्यांदा येणारे आपले बहुतेक लोक तोक्यो, क्योतो, ओसाका करतात, एकदा शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये बसतात आणि परततात. त्यात चूक काहीच नाही. पण हाताशी एक दिवस मोकळा असेल तर तो डोंगरातल्या एखाद्या लहानशा स्टेशनासाठी ठेवा, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. त्यातही नोबेयामाला जा म्हणते, कारण तोक्योहून सकाळी निघून रात्री परत येता येतं आणि तरीही आपण खूप लांब जाऊन आलो असं वाटतं.

नोबेयामा हे नागानो प्रांतातल्या मिनामिमाकी या गावाचं स्टेशन. समुद्रसपाटीपासून उंची १३४५.६७ मीटर. स्टेशनाबाहेरच्या खांबावर हा आकडा अगदी दशांशासकट लिहिलेला आहे आणि प्रत्येक जण त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतो. जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांमध्ये हे सर्वांत उंच. आपल्या हिशेबाने सांगायचं तर साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर रोजची प्रवासी गाडी येऊन थांबते. ज्या मार्गावर हे स्टेशन आहे त्याचं नाव कोउमी लाईन. यामानाशी प्रांतातल्या कोबुचिझावापासून नागानोतल्या कोमोरोपर्यंत ७८.९ किलोमीटरचा एकेरी रूळ, वर विजेच्या तारा नाहीत, एक किंवा दोन डब्यांची डिझेल गाडी. दोन्ही टोकांकडून रूळ हळूहळू वर चढवत आणले आणि शेवटचा, सर्वांत उंच तुकडा २९ नोव्हेंबर १९३५ रोजी जोडला गेला. नोबेयामा स्टेशन त्याच दिवशी सुरू झालं.

तयारीला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

परतीपासून सुरुवात

मुंबईकराला लोकल चुकली तर चार मिनिटांत दुसरी मिळते. तोक्योतही तसंच आहे. नोबेयामाला तसं नाही. इथे एका दिशेला गाडी साधारण दीड-दोन तासांनी येते आणि दिवसाच्या काही वेळी त्याहूनही मोठी फट पडते. म्हणून दिवस आखताना आधी कोबुचिझावाकडे परतणारी तुमची गाडी ठरवा. तिला कोबुचिझावाला जोडणारी तोक्योची गाडी बघा. मग तिच्या आधीची एक गाडी ‘खरी परतीची’ धरा आणि ठरवलेली गाडी राखीव ठेवा. शेवटच्या गाडीवर कधीही विसंबू नका. ती चुकली तर गावात रात्री फिरणारी टॅक्सी सहज मिळत नाही आणि हॉटेलं मोजकीच आहेत.

वेळापत्रक मोबाईलच्या नकाशात दिसतं, जेआर ईस्टच्या संकेतस्थळावरही दिसतं. तरीही नोबेयामाला उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो. तक्त्यात डाव्या बाजूला तास असतो आणि त्यापुढे मिनिटं. दोन दिशांचे दोन तक्ते असतात, एक कोबुचिझावाकडचा, दुसरा कोमोरोकडचा. काही गाड्या ठरावीक दिवशीच धावतात, त्यांच्या आकड्याजवळ खूण असते. अशी खूण दिसली की ती गाडी आज आहे का, हे विचारून घ्या.

तोक्योहून कोबुचिझावा

शिंजुकूहून ‘आझुसा’ नावाची एक्स्प्रेस घ्या. कोबुचिझावाला पोहोचायला सुमारे दोन तास लागतात. प्रत्येक आझुसा तिथे थांबत नाही, हे मात्र तिकीट काढतानाच बघा.

जपानमध्ये एक्स्प्रेसला दोन तिकिटं लागतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. एक मूळ भाड्याचं, ‘जोशाकेन’. दुसरं एक्स्प्रेसचं, ‘तोक्क्यूकेन’. मूळ भाड्याचं तिकीट थेट नोबेयामापर्यंत काढा आणि एक्स्प्रेसचं फक्त कोबुचिझावापर्यंत. म्हणजे कोबुचिझावाला फाटकाबाहेर न जाता नुसता फलाट बदलायचा. वाटेत दुसरीकडे उतरून फिरायचं असेल तर मूळ तिकीट तुकड्यातुकड्याने काढा. खिडकीवरच्या माणसाला कागदावर स्टेशनांची नावं लिहून दाखवली की तो बरोबर देतो.

आझुसामध्ये सीटच्या वर बारीक दिवे असतात. लाल दिवा म्हणजे ती जागा मोकळी, हिरवा म्हणजे कोणीतरी आरक्षित केलेली, पिवळा म्हणजे थोड्याच वेळात त्या जागेचा माणूस येणार. आपल्या सवयीच्या उलट आहे हे, म्हणून मुद्दाम सांगते. जागा न नेमता घेतलेलं तिकीट असेल तर लाल दिव्याखाली बसायचं.

यंत्राला टेकवून भाडं भरायच्या सुईकासारख्या कार्डाबद्दलही आत्ताच सांगून ठेवते. कोउमी लाईनच्या प्रत्येक स्टेशनावर कार्ड चालतंच असं नाही. शिंजुकूला कार्ड टेकवून आत गेलात आणि कार्ड न चालणाऱ्या स्टेशनावर उतरलात, तर भाडं रोख भरावं लागतं, वर कार्डावरची नोंद मिटवून घ्यायला नंतर मोठ्या स्टेशनावर वेगळं जावं लागतं. या प्रवासाला कागदी तिकीटच बरं. जपान रेल पास असेल तर तो या मार्गावर चालतो, पण केवळ या एका दिवसासाठी पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास ५०,००० येन झाला. नोबेयामाची एक फेरी त्याच्या जवळपासही जात नाही.

कोबुचिझावाला गाडी बदलताना थोडा वेळ हातात ठेवा. २०१७ साली बांधलेल्या नव्या इमारतीच्या गच्चीवर जाता येतं. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला यात्सुगाताकेची शिखरं आणि दक्षिणेला काई-कोमागाताकेचा टोकदार डोंगर दिसतो.

खायचं इथेच घेऊन ठेवा. स्टेशनावर मिळणारा डबा, ‘एकिबेन’, हा जपानी रेल्वेप्रवासाचा मोठा आनंद आहे, पण शाकाहारी माणसाला त्यातलं फारच थोडं चालतं. भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. गरम सोबा नूडल्सचा कढ बहुधा वाळवलेल्या माशाचाच असतो. दुकानातला ‘उमे’ म्हणजे आंबट खारवलेल्या फळाचा भाताचा गोळा चालण्यासारखा असतो, पण तोही वेष्टनावरचं वाचून. माझ्या आईसाठी मी नेहमी दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घेते. डोंगराकडे तोंड करून दशमी खायची सर कशालाच नाही.

एका माणसाची गाडी

कोउमी लाईनच्या बऱ्याच गाड्या ‘वानमान’ असतात, म्हणजे गाडीत एकटा चालक, गार्ड नाही. चढणं-उतरणं त्यामुळे आपल्या बससारखं चालतं.

दार आपोआप उघडत नाही. दाराशेजारी बटण असतं, ते दाबायचं. आत आल्यावर बंद करायचंही बटण असतं. हिवाळ्यात ते न दाबता बसलात तर सगळा डबा गारठतो, आणि कोणी काही बोललं नाही तरी सगळ्यांच्या लक्षात येतं. तिकीट न काढता एखाद्या बिनमाणसाच्या स्टेशनावरून, ‘मुजिन-एकी’वरून चढलात तर दाराजवळच्या यंत्रातून एक चिठ्ठी ओढून घ्या. तिला ‘सेइरिकेन’ म्हणतात. तिच्यावर एक आकडा असतो. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर तोच आकडा शोधायचा, त्याखाली तुमचं भाडं दिसतं. गाडी पुढे सरकते तसं ते वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि तेवढेच पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे. पेटी जास्तीचे पैसे परत देत नाही, तेव्हा सुटे आधी करून घ्या. शेजारच्या यंत्रात नाणी आणि हजाराची नोट सुटी होते. दहा हजाराची नोट घेऊन चढू नका.

गाडी दोन डब्यांची असेल तर पुढच्या डब्यात बसा. बिनमाणसाच्या स्टेशनावर सहसा पहिल्या डब्याचंच पुढचं दार उघडतं.

मला स्वतःला चालकाच्या अगदी मागे उभं राहायला आवडतं. काच असते, समोरचा रूळ दिसतो. चालक पांढरे हातमोजे घालून बसलेला असतो. सिग्नल दिसला की तो बोट रोखून मोठ्याने म्हणतो, “शुप्पात्सु शिन्को”. म्हणजे सुटायला हरकत नाही, पुढे चला. डब्यात ऐकणारं कोणी नसलं तरी म्हणतो. डोळ्यांनी पाहिलेलं हाताने आणि तोंडानेही पक्कं करायची ही जपानी रेल्वेची जुनी शिस्त आहे, त्यामुळे चुका कमी होतात. स्टेशन आलं की तो गाडी थांबवतो, उठतो, आमच्याकडे वळतो. एक शाळकरी मुलगी पास दाखवते, तो मान लववून “आरिगातो गोझाइमास” म्हणतो. एक आजी पिशवीतून नाणी मोजून काढत असतात, तो थांबतो. घाई करत नाही. मग परत बसतो, घड्याळावर बोट ठेवतो, गाडी निघते. हा सगळा प्रकार मी कितीदा पाहिलाय, तरी दर वेळी पाहत राहते.

कोबुचिझावानंतर काई-कोइझुमी, काई-ओइझुमी, कियोसातो आणि मग नोबेयामा, फक्त चार स्टेशनं. अंतर २३.४ किलोमीटर, वेळ अर्ध्या तासाहून थोडा जास्त, चढ मात्र साडेचारशे मीटरहून अधिक. काही ठिकाणी हजार मीटरला ३३ मीटर असा चढ आहे. इंजिनाचा आवाज बदलतो तेव्हा तो चढ कानांना कळतो. जाताना डावीकडे बसा. यात्सुगाताके त्याच बाजूला राहतो. सुरुवातीच्या टप्प्यात दक्षिणेकडचे डोंगर उजवीकडे दिसतात, तेवढ्यापुरतं उठून पलीकडे जा.

कियोसातो आणि नोबेयामाच्या मध्ये, १३७५ मीटरवर, जेआरच्या सगळ्या रुळांचा सर्वांत उंच बिंदू आहे. तिथे एक फाटक आहे, उंचीचा आकडा लिहिलेला खांब आहे आणि रेल्वेचं म्हणून उभारलेलं एक छोटंसं देवस्थानही आहे. गाडीतून ते क्षणभर दिसून जातं. नीट बघायचं तर नोबेयामाहून सायकलने मागे या.

उतरल्यावर

स्टेशनाची पांढरी इमारत लहान आहे. तिकीट खिडकी दिवसभर उघडी असेल असं धरून चालू नका. वेळापत्रकाचा फोटो काढलात ना? मग घड्याळ बघा आणि ठरवा. दोन तास असतील तर स्टेशन आणि फाटक एवढंच करा. चार तास असतील तर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या रेडिओ वेधशाळेला जाऊन या.

वेधशाळेसाठी मराठी माणसाला माझा खास आग्रह आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. नोबेयामाला १९८२ पासून काम करणारी जी मोठी दुर्बीण आहे तिचाही व्यास बरोबर ४५ मीटर. पण दोन्ही समोरासमोर आठवून बघा. खोडदची तबकडी तारांच्या जाळीची आहे, आरपार आकाश दिसतं. ती लांब लहरी टिपते, तिला जाळी पुरते. नोबेयामाची तबकडी भरीव, पांढरी, तिचा पृष्ठभाग एक दशांश मिलिमीटरच्या आसपास अचूक राखलेला, कारण तिला मिलिमीटरभर लांबीच्या लहरी पकडायच्या आहेत. हवेतली वाफ या लहरी शोषून घेते. म्हणून उंच, थंड, कोरडी आणि डोंगरांनी वेढलेली सपाट जागा शोधली गेली, आणि ती नोबेयामाला सापडली. १९९३ साली याच दुर्बिणीने एम १०६ या दीर्घिकेच्या गाभ्यातल्या, अतिवेगाने फिरणाऱ्या पाण्याच्या रेणूंचे संकेत टिपल्याचं जाहीर झालं. त्या दीर्घिकेत प्रचंड कृष्णविवर असल्याच्या पुराव्याचा धागा तिथूनच मिळाला.

आवार बघायला तिकीट नाही. स्टेशनापासून सुमारे पाऊण तास चाल आहे. वाट सपाट आहे. आत गेलात की मोबाईल बंद करा, नुसता खिशात ठेवून भागत नाही. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की तुमचा फोन त्याच्यापुढे आरडाओरडा केल्यासारखा होतो. वर्षअखेरीला काही दिवस आवार बंद असतं.

चालायचं नसेल तर उन्हाळ्यात स्टेशनाजवळ सायकली भाड्याने मिळतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लेट्यूस आणि कोबीची शेतं आहेत. उन्हाळ्यात सखल भागात लेट्यूस टिकत नाही, तेव्हा तोक्योच्या बाजाराला तो इथून आणि शेजारच्या कावाकामी गावातून जातो. रात्री अडीच-तीनला दिवे लावून काढणी सुरू होते, म्हणजे पहाटेच्या गारव्यात माल निघतो. फोटोसाठी शेतात पाय टाकू नका. वाफ्यांवर प्लास्टिक अंथरलेलं असतं आणि बुटाच्या मातीतून पिकाचा रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो. बांधावर उभं राहून शेतकऱ्याला “कोन्निचिवा” म्हणा, तो बहुधा हसून उत्तर देतो.

कियोसातोला उतरायचं ठरवलंत तर स्टेशनासमोर ठेवलेलं सी-५६ जातीचं वाफेचं इंजिन बघा. एके काळी या चढावर हीच इंजिनं धावत. तिथल्या सेइसेनर्यो या विश्रामगृहाचं आइस्क्रीम प्रसिद्ध आहे. नावातले ‘सेइ’ आणि ‘सेन’ म्हणजे कियोसातो आणि ओइझुमी या दोन नावांतली एकेक चित्रलिपीतली खूण, दुसऱ्या उच्चाराने वाचलेली. कियोसातोची वस्ती वाढवणाऱ्यांत १९३८ साली आलेली धरणग्रस्त कुटुंबं होती. तोक्योच्या पाण्यासाठी ओगोउची धरण व्हायचं होतं, त्यात त्यांची गावं जाणार होती. कोयनेची आठवण असलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

कधी जावं, काय न्यावं

मेच्या सुरुवातीला खाली तोक्योत चेरी कधीच झडलेली असते, तेव्हा वर थोडी मिळते. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा पानांच्या रंगांसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये तोक्योच्या घामाच्या धारांतून इथे आलात की जीव शांत होतो, पण रात्री स्वेटर लागतोच. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण, हे दिवस टाळा, गाड्या भरून येतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा वेगळाच मामला आहे. पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत जाऊ शकतो. कापडी बुटांनी तिथे उतरू नका. थंडीने मोबाईलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून तिकिटाचे आणि वेळापत्रकाचे तपशील कागदावरही लिहून ठेवा. थर्मासमध्ये चहा न्या. गावातली बरीच दुकानं हिवाळ्यात बंद असतात.

कचऱ्यासाठी एक पिशवी ठेवा, कारण डबे क्वचित दिसतात. रोख पैसे ठेवा. गाडीत फोनवर बोलू नका. जोरदार पाऊस, वादळ किंवा रुळावर आडवं आलेलं हरीण, यांमुळे या मार्गावर गाड्या थांबतात. तसं झालं तर स्टेशन सोडून भटकू नका. फलाटावर कोणी दिसलं तर विचारा, “सुमिमासेन, कोबुचिझावा-युकी देसु का?” म्हणजे, माफ करा, ही कोबुचिझावाला जाणारी आहे का? उत्तर समजलं नाही तरी बोट कुठे दाखवतात ते समजतं.

अंधार पडेपर्यंत थांबणार असाल तर

शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या काळात ‘हाय रेल १३७५’ नावाची दोन डब्यांची पर्यटक गाडी धावते. २०१७ च्या जुलैत ती सुरू झाली. तिची संध्याकाळची फेरी नोबेयामाला मुद्दाम जास्त वेळ थांबते, प्रवाशांना खाली उतरवून आकाश दाखवतात. सगळ्या जागा आरक्षित असतात, म्हणून तारखा ठरल्या की लगेच जागा घ्या, आणि त्या दिवशी गाडी आहे ना, हे आधी बघा.

ती मिळाली नाही तरी हिरमुसू नका. साध्या गाडीने या. अंधार पडल्यावर स्टेशनाच्या दिव्यांपासून पाच मिनिटं चालत दूर जा, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून उभे राहा, टॉर्च विझवा. पहिली काही मिनिटं फारसं दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर मोबाईलच्या पडद्याकडे अजिबात बघू नका. जी थंडी आणि जी कोरडी हवा त्या दुर्बिणीला इथे घेऊन आली, तीच आता तुमच्या डोक्यावर असते.

फक्त निघण्याआधी गजर लावून ठेवा, गाडीच्या वीस मिनिटं आधीचा. वाजला की वळा, फलाटावर या. गाडीचा एकच उजेड वळणावर दिसेल. ती थांबली की बटण दाबा, चिठ्ठी घ्या, दार लावून घ्या, आणि या वेळी उजवीकडे बसा.